उचकी लागलेले गाव

एकदा एका फरशीच्या व्यापाऱ्याने आपल्या थोरल्या बहिणीला भाऊबिजेची ओवाळणी म्हणून एक गाव देण्याचे ठरवले.

ते गाव आता पृथ्वीवर नव्हते. धरणाचे पाणी चढले तेव्हा ते तळाशी गेले, त्याला अर्धे शतक उलटले. व्यापारी तेव्हा लहान होता. बहिणीचे लग्न धरणाच्या आधीच झाले होते. नदीच्या घाटावरून होडीत बसून ती सासरी गेली, आणि होडी पैलतीराला लागेपर्यंत आई घाटाच्या शेवटच्या पायरीवर उभी होती. गाव उठले त्या दिवसांत बहीण सासरीच बाळंतीण होती. तिला शेवटचे दर्शनही घडले नाही. आता तिच्या डोळ्यांत काचबिंदू शिरला होता. गेलेली दृष्टी परत येणार नाही आणि उरलेली फार टिकणार नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते. तिची इच्छा मोठी नव्हती. "आपलं घर आणि घाट, यांच्यामधली वाट एकदा चालायची होती," एवढे ती म्हणे, आणि लगेच दुसरे काही बोलू लागे.

व्यापाऱ्याच्या दुकानात एक समर्थ संगणक होता. गिऱ्हाइकाच्या घराचा नकाशा त्यात घालावा, निवडलेली फरशी अंथरावी आणि गिऱ्हाइकाला स्क्रीनवर त्या खोल्यांतून फिरवून आणावे, अशी त्याची रीत होती. त्याच साधनाने, फावल्या वेळात, त्याने बुडालेले गाव उभे केले. घराचा उंबरा, गल्ली, मारुतीचा पार, चिंच, चिंचेची सावली, आणि शेवटी घाट व त्याखाली हलणारे पाणी. हे सर्व त्याने स्वतःच्या आठवणीने रचले. बहिणीला काही विचारले नाही. ओवाळणी आधी सांगायची नसते. नवरात्र लागले तेव्हा गाव पूर्ण झाले होते. बाणाचे बटण दाबून धरले की माणूस त्या गल्लीतून सहज चालत जाई आणि डोक्यावर पाने हलत राहत.

खंडेनवमीला व्यापाऱ्याने दुकानातील वजनकाटा, कटर आणि संगणक पूजेला मांडले. संगणकाची पेटी त्याने स्वतः पुसली. मागच्या सर्व केबली काढल्या, धूळ झटकली, केबली पुन्हा जोडल्या. दुकानातील नोकर मदतीला आला तेव्हा तो म्हणाला, "आज नको. आजचं काम माझं." मग हळदकुंकू वाहिले, झेंडूची माळ घातली. पूजेतील हत्यार त्या दिवशी वापरीत नाहीत, म्हणून यंत्र बंदच राहिले.

दसऱ्याला सकाळी ते चालू केले, तेव्हा स्क्रीनवर जुनीच सूचना उभी होती: संगणकाची नवी प्रणाली तयार आहे, अपडेट करावे. व्यापारी हे काम बरेच दिवस पुढे ढकलीत होता. साडेतीन मुहूर्तांतला मुहूर्त आहे, असे म्हणून त्याने त्या दिवशी होकार दिला.

अपडेट झाले. त्याने गाव उघडले. एक पाऊल टाकले आणि गल्ली थिजली. पुन्हा एक पाऊल, पुन्हा थिजली. चिंच तुकड्यातुकड्यांनी हलत होती. पाणी हलतच नव्हते.

त्याच नगरात एक वृद्ध गुरुजी राहत. आयुष्यभर त्यांनी मुलांना यंत्रविद्या शिकवली होती, आणि निवृत्तीनंतरही बिघडलेले यंत्र त्यांच्या दारातून निरोगी होऊन जाई. व्यापाऱ्याने त्यांना निरोप धाडला. गुरुजींनी आपल्या शिष्याला पाठवले.

शिष्य कष्टाळू होता. ग्राफिक्स कार्ड जागेवर असल्याची त्याने स्क्रीनवर खात्री केली. त्याला चालवणारा ड्रायव्हर प्रोग्राम नवा घातला. मागे चालणारे इतर प्रोग्राम बंद केले. काही उपयोग झाला नाही, तेव्हा अपडेटच काढून जुनी प्रणाली परत आणली. गाव तरीही अडखळत राहिले.

"परत गेलो तरी तसंच?" व्यापाऱ्याने विचारले.

"अपडेटनं आत काहीतरी नासवून ठेवलंय, शेठजी. ते निघून गेलं तरी घाण मागे राहते. या कंपन्यांना आपल्यासारख्यांची काय पडलीय?"

"मग?"

"गाव हलकं करावं लागेल. सावल्या काढू. झाडाला पानं फार आहेत. आणि पाणी तर सगळ्यात जड."

व्यापाऱ्याने मूळ गावाची प्रत बाजूला ठेवून दिली आणि मान हलवली. पहिल्यांदा सावल्या गेल्या. मग पाने गेली, मग चिंचच गेली. घाटाखालचे पाणी जाऊन तेथे निळी पाटी आली. गाव किंचित चालू लागले, आणि ते गाव राहिले नाही.

दिवाळीला बहीण आली. भाऊबिजेपर्यंत थांबायचे व्यापाऱ्याने ठरवले होते, परंतु या अवस्थेत तिला काही ओळखू येते की नाही, ही शंका त्याला झोपू देईना. नरकचतुर्दशीला फराळ झाल्यावर त्याने तिला दुकानात नेऊन स्क्रीनसमोर बसवले.

ती डोळे बारीक करून पुष्कळ वेळ पाहत राहिली. उंबऱ्यावरून दृश्य धक्क्याधक्क्याने पुढे सरकत होते.

"विसू," ती म्हणाली, "गावाला उचकी लागलीय रे. कोणीतरी आठवण काढत असणार."

व्यापारी हसला. संगणकापाशी बसलेला शिष्यही हसला.

"चिंच कुठे गेली?"

"काढली, अक्का. जड होत होती."

"चिंच जड होत होती! आपल्या आजोबांना नाही झाली कधी." मग ती म्हणाली, "आणि पाणी?"

"तेही काढलं."

"मग हे कुणाचं गाव दाखवतोयस मला?"

तिने रागाने विचारले नव्हते. म्हणूनच ते व्यापाऱ्याला लागले. तिने चष्मा काढला, पदराने पुसला आणि पुन्हा न लावता हातातच धरून ठेवला.

पाडव्याला सकाळी व्यापारी स्वतः गुरुजींच्या दारी गेला. "उद्या भाऊबीज आहे," तो म्हणाला. "पुढच्या भाऊबिजेला तिला दिवा दिसेल की नाही, मला सांगता येत नाही."

गुरुजींनी पायात चप्पल घातली.

दुकानात येताच ते शिष्याला म्हणाले, "काढलेलं सगळं परत घाल."

"गुरुजी, आहे तेवढंच धड चालत नाही."

"परत घाल."

शिष्याने मूळ प्रत उघडली. चिंच आली, सावल्या आल्या, पाणी आले, आणि दृश्य मघापेक्षाही जास्त थिजले. गुरुजींनी व्यापाऱ्याला बाण दाबून धरायला सांगितले. मग त्यांनी हात पुढे केला आणि स्क्रीन बंद केली.

व्यापारी चपापला. "अहो, दुखणं स्क्रीनवर आहे आणि आपण स्क्रीनच मिटलीत!"

"बाण सोडू नका. आणि बोलू नका."

ते गुडघे टेकून खाली बसले आणि त्यांनी पेटीला कान लावला. अक्का कोपऱ्यात खुर्चीवर बसली होती. ती हळूच म्हणाली, "विसू, हे वैद्यबुवा नाडी बघतायत. गप्प बस."

बऱ्याच वेळाने गुरुजींनी कान काढला. पेटीच्या मागे हात घालून त्यांनी खालच्या बाजूला तळवा धरला. हात बाहेर आला तेव्हा बोटांत झेंडूची एक वाळलेली पाकळी होती.

"याची पूजा कोणी केली?"

"मी," व्यापारी म्हणाला. "खंडेनवमीला. पण पूजेचा इथं काय संबंध, गुरुजी?"

"केबली कोणी काढल्या?"

"मीच. नोकराचा हातसुद्धा लागू दिला नाही."

"लावल्या कोणी?"

व्यापाऱ्याने पेटीकडे पाहिले.

गुरुजींनी पेटी फिरवली. स्क्रीनची केबल वरच्या जागेतून काढून त्यांनी वीतभर खाली, अगदी तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या जागेत बसवली. स्क्रीन लावली. गाव पुन्हा उघडून बाण दाबताच पेटीतून पंख्याचा सूर उठला. असा सूर शिष्याने त्या दुकानात एकदाही ऐकला नव्हता. गल्ली चालू लागली. पाने हलली.

व्यापाऱ्याने डोळ्यांना उपरणे लावले. शिष्य खाली मान घालून उभा राहिला.

"या पेटीत चित्र काढणारे दोघे आहेत," गुरुजी म्हणाले. "एक वरचा, साधा, अक्षरं आणि आकडे दाखवण्यापुरता. दुसरा खालचा, हे ग्राफिक्स कार्ड; गाव उभं करणं त्याचं काम. खालचा धडधाकट होता. स्क्रीन त्याच्याकडे चित्र मागतच नव्हती. राबणाऱ्याला धाप लागते. याचा पंखा फिरत नव्हता, मागून गरम वारा येत नव्हता. म्हणजे याला कोणी कामच सांगितलं नव्हतं." मग ते शिष्याकडे वळले. "जुनी प्रणाली परत आणलीस आणि दोष उरला. उत्तर तिथंच मिळालं होतं. तू ते ऐकलं नाहीस, कारण तुला दोषी आधीच ठाऊक होता."

"मला वाटलं, अपडेटच्याच दिवशी बिघडलं, तेव्हा..."

"अपडेटच्या आदल्या दिवशीही काही घडलं होतं. त्याबद्दल तू विचारलं नाहीस, यांनी सांगितलं नाही. का? कारण ती पूजा होती." त्यांनी पाकळी मेजावर ठेवली. "बिघाड झाला की माणूस पहिल्यांदा परक्यावर संशय घेतो. फार प्रामाणिक असला, तर स्वतःच्या पापावर घेतो. स्वतःच्या पुण्यावर कोणीच घेत नाही. पापावर पहारा असतो. पुण्य मोकळं सुटतं. म्हणून जिथं हात जोडले, तिथंच पहिल्यांदा हात फिरवून पाहावा."

"म्हणजे पूजा करायला नको होती?" व्यापाऱ्याने दुखावल्या स्वरात विचारले.

"पूजा करावी. पूजेनंतर मागे जाऊन पाहावं. देव पुढून केलेला नमस्कार घेतो; मागची जोडणी तो आपल्यासाठी करत नाही."

एवढे बोलून ते निघाले. स्क्रीन का बंद केली, हे विचारण्याचे धैर्य शिष्याला झाले नाही.

दुसऱ्या दिवशी अक्काने भावाला ओवाळले. निरांजन तिने तबकात नीट मध्यभागी आणण्यासाठी बोटांनी चाचपले, हे सर्वांनी पाहिले. मग व्यापाऱ्याने तिला स्क्रीनसमोर बसवून गाव उघडले. केबलीवर पुन्हा एकदा नजर टाकण्यासाठी आलेला शिष्य दाराशी थांबला.

उंबरा आला. गल्ली आली. पार आला. अक्का पुढे वाकली होती.

"थांब," ती म्हणाली. "चिंच या हाताला नव्हती."

व्यापाऱ्याचे बोट थबकले. मला पक्के आठवते, हे वाक्य त्याच्या तोंडाशी आले. वर्षभराचे काम होते. प्रेमाने केलेले होते. त्याची दृष्टी मेजावर गेली. वाळलेली पाकळी अजून तेथेच होती.

"कुठे होती, अक्का?"

"उजवीकडे. विहिरीवर वाकलेली. पाण्यात पानं पडायची म्हणून आई रोज चिंचेला शिव्या द्यायची."

"विहीर?"

"तुझ्या गावात विहीर नाही होय?" ती हसली. "कशी असेल? तू एवढासा होतास. तुला तिकडे कोणी फिरकू देत नव्हतं."

व्यापाऱ्याने मान खाली घातली. मग म्हणाला, "दाखवीन. तू सांग, मी करीन."

ते घाटावर पोहोचले. पाणी हलत होते. शेवटची पायरी रिकामी होती.

"आईला उभं नाही केलंस?"

"धीर झाला नाही."

"बरं झालं. तुझी आई आणि माझी आई एकसारखी नसती आली." ती पाण्याकडे पाहत राहिली. भाऊ वाट पाहत होता. त्याने तिला जिथे न्यायचे ठरवले होते, तिथे ती आली होती.

"आता वळव," ती म्हणाली.

"पुढे काही केलेलं नाही, अक्का. गाव इथवरच आहे."

"पुढे नाही रे. मागे वळव. घाटापर्यंत मी एकदा येऊन गेलेय. मला घरी यायचं होतं."

व्यापाऱ्याने बाणावरचे बोट उचलले. वर्षभर त्याने हे गाव प्रत्येक वेळी घराच्या उंबऱ्यापासूनच उघडले होते. बहिणीला कोणत्या दिशेने चालायचे आहे, हे त्याने एकदाही विचारले नव्हते.

त्याने दृश्य फिरवले. पायऱ्या समोर आल्या. अक्काने चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि डोळे मिटले.

"चढ. आता डावीकडे. पायाखाली दगड उंच आहे, सावकाश. इथं विहीर. चिंचेखालून वाकून ये."

व्यापारी स्क्रीनकडे पाहत नव्हता. तिच्या ओठांकडे पाहत तो बाण दाबत होता. ती सांगे तिकडे तो वळत होता. गुरुजींनी स्क्रीन का मिटली होती, हे दाराशी उभ्या असलेल्या शिष्याला त्या वेळी उमगले.

"उंबरा आला," अक्का म्हणाली. "आता थांब."