नांदवळीचे जावईतळे

नांदवळीला आलेला पाहुणा तळ्यात पाय धुवायला निघाला की देवळातला गुरव त्याला अडवतो. "पाव्हणं, तांब्यानं पाणी घ्या आन् लांब जाऊन धुवा. आमचा जावई हाय त्यो." पाहुणा हसतो. मग गुरव त्याला पारावर बसवून सांगतो ते असे.

फार पूर्वी या तळ्यात सगळा गाव म्हशी धूत असे आणि तेच पाणी पीत असे. बयाजी पाटलाच्या म्हशी तर सकाळी उतरायच्या त्या दिवेलागणीलाच निघायच्या. एका साली हगवणीची साथ आली आणि पाटलाची थोरली बहीण यमाक्का, तिची नात मरता मरता वाचली.

यमाक्काने भावाला समजावले. तो म्हणाला, "म्हशीनं कुठं पाणी बाटतं व्हय?" तिने तळ्यात आसरा, पाण्यातल्या देवता, आहेत अशी भीती घातली. गावाने चार दिवस दम धरला, मग आसरांना लिंबू-नारळ वाहून म्हशी पुन्हा उतरवल्या. तळे आपली आई आहे, असेही तिने सांगून पाहिले. लोकांना ते फार पटले. आई सगळे पोटात घालते, म्हणून ते खरकटेही तिथेच टाकू लागले.

यमाक्का हताश होऊन ओसरीवर बसली होती. आत पाटलाचा जावई जेवत होता. एरवी गावावर खेकसणारा पाटील वाकून वाकून त्याला तूप वाढत होता. यमाक्का बराच वेळ बघत राहिली म्हणे.

तुळशीची लग्ने लागली तशी तिने गाव जमवला. "डोंगरातली झरी आपल्या गावची लेक. रोज या तळ्याला जाऊन मिळती, आन् अजून तिचं लगीन न्हाई. लोक काय म्हणतील?" गावाची मान खाली गेली. पाटलानेच कन्यादान केले. काठच्या दगडाला मुंडावळ्या बांधल्या, पंगती उठल्या.

दुसऱ्या दिवशी म्हशी सवयीने तळ्याकडे निघाल्या. यमाक्का काठावर उभी होती. ती शांतपणे म्हणाली, "उतरव की बयाजी. जावयाच्या अंगावर शेण पडलं, तरी लेक नांदंल कशीबशी."

मागे सगळा गाव बघत होता. पाटलाने पागोटे सारखे केले, तळ्याला रामराम घातला आणि म्हशी माघारी वळवल्या. त्यांच्यासाठी पुढे वेगळी दगडी डोण बांधली, असे सांगतात.

आजही अधिक मासात गाव आधी तळ्याचा गाळ काढतो, मग जावयाला अनारशांचे वाण देतो. ते पाण्यात टाकत नाहीत. जावयाला गोड चालत नाही, असे सांगून गुरवच घरी नेतो. उन्हाळ्यात पाणी आटले की जावई रुसला म्हणतात आणि झरीची वाट मोकळी करायला डोंगर चढतात. अलीकडे काठावर 'पाणी हेच जीवन' अशी सरकारी पाटी लागली आहे. तिच्यावर लोक धोतरे वाळत घालतात. पण तळ्याकडे पाठ करून मात्र कोणी बसत नाही.