बारकूने लिहिलेले गणपती

मूर्ती घडवणाऱ्या एका गावात बारकू नावाचा एक भोळा गडी होता. सांगितलेलं काम तो अगदी सांगितल्यासारखंच करायचा. दुखणं तेवढंच होतं.

त्याच्या गुणाकाकीचा गणपतीचा कारखाना होता. यंदा तिने मूर्तींचे फोटो इंटरनेटवर टाकले. त्याला कारण दिगंबरमास्तर. गावातल्या पोरांना तबला शिकवणाऱ्या मास्तरांना डोळ्यांनी दिसत नसे, आणि आजवर दुसऱ्याने निवडलेली मूर्तीच त्यांच्या घरी यायची. या वर्षी ते म्हणाले, "गुणाबाय, औंदा माझा गणपती मी निवडणार." काकीला गलबलून आलं. तिने शब्द दिला.

"बारकू, प्रत्येक फोटोखाली वर्णन लिही," ती म्हणाली. "मास्तरांचा फोन ते वाचून दाखवतो. शिवाय शोधणाऱ्या गिऱ्हाइकांना आपलं दुकान सापडतं."

"काय लिहू?"

"दिसतं ते लिही."

बारकूने लिहिलं, 'नाक फार लांब. पोट सुटलेलं. एक दात तुटका. पायाशी उंदीर.'

संध्याकाळी पुण्याहून फोन आला. "तुटका माल विकता होय? आणि आधी उंदरांचं औषध टाका!"

काकीने कपाळावर हात मारला. "मेल्या, देव आहे तो! मानाने लिहावं. लंबोदर, मंगलमूर्ती, वजनाला हलकी, पाण्यात लगेच विरघळते, असं."

"असंच लिहितो," बारकू म्हणाला.

पुढचा फोटो काकांचा होता. मालक म्हणून ऐटीत बसलेले. बारकूने मानाने लिहिलं, 'मंगलमूर्ती लंबोदर. वजनाला हलके. पाण्यात लगेच विरघळतात.' काका आंघोळीला निघाले की शेजारी ओरडायचे, "जपून हां!"

काका भडकले. "गाढवा, माणसाचं वर्णन वेगळं! नाव, गाव, धंदा, घरी कोण कोण, एवढंच लिहावं!"

"हे आधी सांगायचं ना, काका."

पुढच्या फोटोत बाळगणेश होता. 'नाव गणपती शंकर. राहणार कैलास. धंदा विघ्ने दूर करणे. घरी आईवडील व एक भाऊ, अविवाहित.' दुपारी अलिबागहून एका बाईंचा फोन आला. त्या भावाची पत्रिका मागत होत्या.

"अरे बाबा," काकी रडकुंडीला आली, "लोक जे शोधतात ते शब्द घाल!"

मग बारकू गावभर विचारत फिरला, "काय शोधताय?" कुणी चष्मा शोधत होतं, कुणी जावई. हिराजी पाटील म्हैस शोधत होता. बारकूने सगळ्या मूर्तींखाली इमानदारीत लिहिलं, 'चष्मा, जावई आणि हिराजीची म्हैस.' हिराजी दावं घेऊन कारखान्यात आला आणि म्हैस घेतल्याशिवाय हलेना.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी मास्तरांचा फोन आला. "गुणाबाय, तुझ्याकडे गणपती सोडून सगळं आहे. जाऊ दे. आणा कोणतीही मूर्ती."

त्यांचा आवाज पडला होता. काकीच्या डोळ्यांत पाणी आलं. ते बघून बारकूलाही रडू फुटलं. मास्तरांचं एवढं एक काम, तेही आपल्याला जमू नये!

"हे बघ," काकी डोळे पुसत म्हणाली, "वर्णन असं लिही, की वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मूर्ती उभी राहिली पाहिजे. मास्तरांसाठी तेवढं कर. आणि मंडळाची मोठी मूर्ती टेम्पोने मांडवात पोचव."

बारकूने रात्रभर बसून वर्णन लिहिलं. खरंच सुरेख लिहिलं. मग तो विचारात पडला. मूर्ती उभी राहणार डोळ्यांपुढे. मास्तरांच्या डोळ्यांचा तर उपयोग नाही. मग हा कागद त्यांच्या काय कामाचा?

सकाळी त्याने टेम्पो मास्तरांच्या अंगणात नेला. मास्तरांनी मूर्तीच्या पावलांपासून बोटं फिरवायला सुरुवात केली. सोंडेपर्यंत पोचायला स्टूल लागलं. मास्तर लहान पोरासारखे हसले. "हाच! हाच माझा गणपती!"

"ठेवा मग," बारकू म्हणाला, आणि मांडवाकडे निघाला.

तिकडे ढोलताशे वाजत होते. आरतीचं ताट तयार होतं. सगळा गाव टेम्पोची वाट बघत होता. बारकूने अध्यक्षांच्या हातात कागद ठेवला.

"हे काय? मूर्ती कुठाय?"

"तुम्हाला कशाला मूर्ती?" बारकू म्हणाला. "तुम्हाला डोळे आहेत ना? वाचा की!"