गिरजेने निजवलेला घाट

काम बिघडलं की दगडाला खोटं ठरवून मोकळं व्हायचं, ही लबाडी कुणीतरी पहिल्यांदा केली. त्याचं नाव आज कुणाला ठाऊक नाही. त्याची री ओढणारे मात्र अजून जागोजाग भेटतात. पाथरबोरीच्या गिरजेने ती ओढली नाही, म्हणून तिची गोष्ट सांगायची.

पाथरबोरी पैनगंगेच्या काठी वसली तेव्हाची ही गोष्ट. गाव वसलं ते चुनखडीच्या दगडावर. जमीन हातभर खणली की दगड लागायचा, कुठे निळसर, कुठे ताकासारखा पांढुरका, कुठे गुलाबी झाक असलेला. भाकऱ्यांची चवड असावी तसे त्याचे थरावर थर. पहार सरकवली की फरशी अलगद सुटायची. भिंती त्याच दगडाच्या, आणि भिंतींच्या सांध्यांतला चुनाही तोच दगड भाजून केलेला. काही फरशांवर तर लाटा उमटलेल्या होत्या. दगड ओला होता तेव्हा कुठल्याशा समुद्राने त्यावरून हात फिरवला, असं म्हणतात.

गिरजेचा बाप उकंडा हा गावचा मोठा पाथरवट. गावाने नदीला घाट बांधायला काढला तेव्हा त्याने या लाटांच्याच फरशा निवडल्या, आणि लाटा येणाऱ्याजाणाऱ्याला दिसाव्यात म्हणून पायऱ्यांच्या दर्शनी अंगाला उभ्या बसवल्या. घाट असा देखणा झाला की बायका घागर भरायचं विसरून बघत राहायच्या. पण उभ्या थरांत पाणी मुरलं, पापुद्रे सुटू लागले, आणि एका श्रावणात एक गरोदर बाई पायरीसकट खाली गेली. ती वाचली. घाट वाचला नाही.

गाव म्हणालं, दगड खोटा. उकंडाही तेच म्हणाला आणि त्याने छिन्नी-हातोडा माळ्यावर टाकला. पंचांनी ठरवलं, काळा पाषाण लांबून आणायचा आणि खाण बुजवायची. खाण बुजल्यावर अर्ध्या गावाने पोटासाठी कुठे जायचं, यावर पारावर कुणी अवाक्षर काढलं नाही.

गिरजेला हे पटेना. भर उन्हाळ्यात ती नदीवर गेली. पाणी आटून तळ उघडा पडला होता, आणि तळही त्याच दगडाचा होता. नदी युगानुयुगं त्याच्यावरून चालली होती आणि तो जागचा हलला नव्हता. गिरजेने तळाला कान लावला. दगड तिच्याशी बोलला, असं म्हणतात. काय बोलला ते तिलाच ठाऊक. उठली ती तडक पारावर गेली आणि म्हणाली, खाण बुजवू नका.

एका पंचाने हसत विचारलं, "दगड खोटा नाही, मंग काय तुझा बाप खोटा?"

समोर उकंडा बसला होता. त्याचं नाव राखावं तर खाण जाणार होती, खाण राखावी तर त्याचं नाव. गिरजा त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. मग ती पंचांशी नाही, बापाशी बोलली.

"दगड खोटा नाही, बा. तुम्ही त्याले उभं निजवलं."

उकंडा उठून गेला. पुढे कितीतरी महिने त्याने लेकीचं तोंड पाहिलं नाही. पंचांनी मात्र तिला घाट पुन्हा बांधायला तेवढा उन्हाळा दिला.

गिरजेने रीतच बदलली. दगड खाणीतून काढण्याआधी ती त्याच्या आभाळाकडच्या अंगाला हळदीचं बोट लावायची. घाटावर दगड आडवा बसवला की ते बोट पुन्हा आभाळाकडेच हवं. गावातले टवाळ म्हणायचे, ही आता धोंड्यांना अंगाई म्हणणार. तिने खरंच म्हटली. जो दगड चार बैलांना हलेना, तो तिची अंगाई ऐकून खाणीपासून नदीपर्यंत आपणहून सरकत आला, असं म्हणतात.

त्या साली पैनगंगा अशी फुगली की काठच्या चिंचेच्या शेंड्यावर मासे चढले. घाट पाण्याखाली दिसेनासा झाला. घाट गेला असं धरून टवाळांनी तोंडं फिरवली. गिरजा काठावर उभी राहिली, आणि तिच्यापासून दूर, डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन, उकंडाही येऊन बसला.

मग नदी ओसरू लागली. नवी सून घागर घेऊन उतरते तशी ती एकेक पायरी जपून खाली गेली, आणि तिच्या मागे एकेक पायरी वर आली, निळी, पांढुरकी, गुलाबी, धुऊन लख्ख झालेली. एक चीर नाही. उकंड्याच्या लाटा आता पायाखाली होत्या, आणि ओले पाय त्यांवरून घसरत नव्हते. म्हातारा उतरत उतरत शेवटच्या पायरीपाशी गेला. वाकला. दगडाला कान लावला. मग लेकीकडे बघून म्हणाला, "गाढ निजला वं माय."

गावाने तिथल्या तिथे दोघांना खांद्यावर घेतलं, आणि ढोल खाणीपर्यंत वाजत गेला.

पाथरबोरीत अजून दगड निघतो आणि अजून त्याला हळदीचं बोट लागतं. नव्या घराचा पहिला दगड बसला की गिरजेच्या नावाने अंगाई म्हणतात. म्हणेपर्यंत त्याच्यावर कुणी पाय देत नाही. मागे एक नवखा गवंडी घाई करून चढायला गेला, तेव्हा चुना कालवणारी कोंडाबाई हातातलं फावडं न थांबवता म्हणाली, "अरे बापू, त्याले आधी निजू दे. मंग तू जन्मभर उभा राहा."