चांगुणेचं कापरं

धामणखोऱ्याला एसटी येत नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. वरच्या आळीनं महारवाड्याची पाण्याची वाट काटेरी कुंपण घालून बंद केली. राघू तुपारेनं ते कुंपण उपटलं, तर भर दुपारी त्याला इतकं मारलं की तो पुन्हा उठलाच नाही. पाहणारे पुष्कळ होते. कोर्टात सांगायची वेळ आली, तसे एकेकाचे डोळे अधू झाले. उरली एकटी त्याची बायको, चांगुणा.

मग रोज सकाळी तिच्या दारात बाभळीच्या दोन फांद्या पडू लागल्या. धमकी नाही, शिवी नाही, नुसत्या दोन फांद्या. घरात लेकरंही दोनच होती. भाकरी थापताना चांगुणेचे हात असे कापायचे की भाकरी मोडून पडायची.

खटला चालवत होते म्हातारे गेनूतात्या वकील, त्याच समाजातले. त्यांच्याही ओट्यावर फांद्या पडत. त्या बंबात घालून ते अंघोळीचं पाणी तापवत, असं म्हणतात.

तारखेला पट्टेवाल्यानं चांगुणेचं नाव पुकारलं. एकदा. दोनदा. कोणी उठेना. तिसरा पुकारा वाया गेला असता, तर राघूचे मारेकरी हसत घरी गेले असते. तात्या धावत बाहेर आले. बाई जन्माच्या सवयीनं पायरीखाली, चपलांच्या ढिगाशी बसली होती. समोर वरच्या आळीची माणसं उभी होती.

“तात्या, माझ्यानं न्हाई व्हायचं. माझ्या लेकरास्नी मारतील वो!”

“मला बी लई भ्या वाटतंय, पोरी,” तात्या म्हणाले. “आण तुझा हात हिकडं.”

त्यांनी तिचा हात दोन्ही हातांत धरला. तिचं कापरं बोटांतून निघालं आणि तात्यांच्या हातांत शिरलं, असं म्हणतात. चांगुणा पायरी चढली. पिंजऱ्यात उभं राहून, एकेकाकडे बोट दाखवून तिनं सहा नावं घेतली. सहाही जण तुरुंगात गेले. वाट मोकळी झाली.

तात्यांचं कापरं मात्र गेलं नाही. पुढं किती घाबरलेल्या साक्षीदारांचे हात त्यांनी धरले, आणि दर वेळी ते वाढतच गेलं. शेवटी त्यांना घासही दुसऱ्यानं भरवावा लागे. ते वारले, तेव्हाच ते हात थांबले.

आजही वस्तीतलं कोणी साक्षीला निघालं, की म्हाताऱ्याकोताऱ्या, नव्या सुना, सगळे रांगेनं येऊन त्याचा हात धरतात. त्याला ‘तात्यांचा वाटा’ म्हणतात. एवढी भीती पुन्हा एकट्याच्या अंगावर टाकायची नाही, असं वस्तीनं ठरवलंय. साक्ष कधी फिरत नाही. आणि त्या दिवशी घराघरांत चहा पिताना कपबश्या वाजत असतात.