टप्पा पडू द्यावा

“बोटांकडं बघायचं का मनगटाकडं, आबा? एवढं एकच सांगा.”

आबा गुरव गाभाऱ्यात वाकले होते. पिंडीवरची कालची बेलपानं एकेक करून ते परडीत टाकत होते.

“बोटं का मनगट?”

“पानं का फुलं?” आबा म्हणाले. “आधी काय काढू?”

जयसिंग मोहिते चरफडला. नदीकाठच्या या महादेवाच्या देवळात तो देवासाठी आलाच नव्हता. उंबऱ्याबाहेर बूट घालूनच उभा होता, खांद्यावर बॅट होती, आणि प्रश्नाला प्रश्न विचारलेला त्याला मुळीच खपत नसे.

पण गरज त्याची होती.

दस्तगीर मुलाणीने त्याला पाच डावांत पाच वेळा घरी पाठवलं होतं. दस्तगीरचा नेहमीचा चेंडू टप्पा पडला की बाहेर वळायचा. गुगली त्याच हातातून, त्याच हसऱ्या चेहऱ्याने यायची आणि आत वळायची. दोन्हींतला फरक आजवर जिल्ह्यातल्या एकाही फलंदाजाला खात्रीने सांगता आला नव्हता.

उद्या सकाळी अंतिम सामना होता, आणि समोर पुन्हा दस्तगीर. त्यात परवा सरावाच्या वेळी कर्णधार सावंत सगळ्यांदेखत म्हणाला होता, “जयसिंग, तुला खेळवायचं की नाही ते नाणेफेकीच्या आधी सांगतो.”

नऊ वर्षं तिसऱ्या क्रमांकावर खेळणाऱ्या माणसाला असं बोलायचं! जयसिंगला दोन दिवस जेवण गोड लागलं नव्हतं. वय बत्तीस. उद्या बसवलं, तर पुन्हा उभं कोण करणार होतं?

म्हणून तो आबांकडे आला होता. आबा जिल्ह्याच्या संघाचे यष्टिरक्षक होते आणि सतरा वर्षं त्यांनी दस्तगीरची गोलंदाजी स्टंपांमागे उभं राहून सांभाळली होती. आता ते या देवळाची पूजाअर्चा बघत. दस्तगीरचं गुपित जगात दुसऱ्या कोणाला ठाऊक असेल, तर ते याच माणसाला.

आबा बाहेर येऊन ओवरीत बसले. जयसिंगही टेकला. तेवढ्यात त्याला दिसलं... ओवरीच्या कडेला चहाचे दोन पेले होते. दोन्ही रिकामे. त्याने हळूच एकाला बोट लावलं. पेला अजून कोमट होता.

“कोण आलं होतं?”

“दस्तगीर.”

जयसिंगच्या कपाळावर आठी पडली. मुळात स्वभावच त्याचा तसा. गवळ्याने दुधात पाणी घातलं तर चिडायचा, आणि नाही घातलं तर आज का घातलं नाही म्हणून दिवसभर विचार करायचा.

“कशाला आला होता?”

“चा प्यायला. म्हनला, आज मोहित्यांचा जयसिंग येईल तुमच्याकडं.”

“मी तर घरीसुद्धा सांगितलं नाही!”

“पाच खेपा एकाच मानसानं घालवलेला गडी दुसरं कुठं जाईल?”

“अजून काय म्हणाला?”

“म्हनला, इचारील ते सगळं सांगा त्याला.”

...

हे मात्र जयसिंगला भलतंच लागलं. आपलं गुपित कोणी स्वतःहून फोडायला सांगतं का? ज्या अर्थी सांगतोय, त्या अर्थी त्यात त्याचा फायदा आहे. म्हणजे हे सगळं ठरलेलं आहे. सकाळपासून दोघं चहा पीत बसले, ते काय शिजवत होते?

“म्हणजे तुम्ही सांगाल ते खोटं असणार.”

“देवाच्या दारात खोटं कशाला बोलू?”

“मग खरं सांगणार? आणि तुमच्याच मित्राला मार खायला लावणार?”

“खाऊ दे की. त्यालाबी कधी खायला मिळाला न्हाई.”

“आबा, तुम्ही नक्की कोणाच्या बाजूचे?”

आबांनी थोडा विचार केला. खरंच केला, थट्टा म्हणून नाही.

“मी स्टंपाच्या मागचा, बाबा.”

जयसिंगला हे उत्तरही पटलं नाही. त्याने मान वळवून नदीकडे पाहिलं. उठून जावं, असं त्याला वाटलं. पण जाऊन तरी काय करणार होता? उद्याची सकाळ काही टळणार नव्हती.

“बरं, सांगा,” तो म्हणाला. “गुगलीच्या आधी तो टोपी सारखी करतो म्हणतात. खरं का?”

“करतो की.”

“मागच्या सामन्यात केली होती. चेंडू बाहेर गेला आणि माझी कड घेऊन गेला.”

“टोपी ढिली झाली असंल.”

जयसिंगचं डोकं तापलं. आबा मात्र उठले. गाभाऱ्याच्या पायरीजवळ पाण्याने भरलेली तांब्याची कळशी होती, ती त्यांनी उचलली आणि अंगणाच्या टोकाला भिंतीपुढे आणून ठेवली. मग ओवरीच्या कोनाड्यातून एक जुना चेंडू काढला. त्याचा लाल रंग केव्हाच उडाला होता. शिवण तेवढी शाबूत होती.

“ह्यो तुझा स्टंप. उभा राहा.”

“तुम्ही टाकणार?”

“सतरा वर्सं धरलाय. थोडा टाकता येतो.”

आबांच्या उजव्या हाताची तीन बोटं वाकडी होती, तीन दिशांना. चेंडू त्यांत असा बसला की बाहेर निघेल की नाही, याची शंका यावी.

“टाकायच्या आधी सांगीन,” आबा म्हणाले. “आत म्हनलो की आत. बाहेर म्हनलो की बाहेर.”

“आधीच सांगणार?”

“सगळं सांगा म्हनला हाय न्हवं तो!”

जयसिंगने कळशीपुढे पवित्रा घेतला. अंगण सारवून टणक केलेलं होतं.

“आत,” आबा म्हणाले.

जयसिंगने हिशेब केला. आत म्हणतायत, म्हणजे बाहेर जाणार. इतका का मी दूधखुळा आहे? त्याने पाय बाहेर टाकला. चेंडू टप्प्यावर पडला, आत वळला आणि त्याच्या बॅटच्या व पायाच्या मधून गेला.

ठण्!

“आत म्हनलो हुतो,” आबा म्हणाले.

जयसिंगने चेंडू परत फेकला. लक्षात आलं. पहिल्यांदा खरं सांगायचं, माणसाचा विश्वास बसवायचा आणि मग दुसऱ्या वेळी काटा काढायचा. दस्तगीरचीच शिकवण.

“बाहेर.”

जयसिंग आतल्या चेंडूसाठी तयार राहिला. चेंडू बाहेर गेला. बॅटची कड घेऊन भिंतीलगतच्या बेलाच्या झाडात शिरला आणि दोन पानं घेऊन खाली आला.

“स्लिपात मानूस असता तर निघाला असतास.”

“कळतंय मला!”

“बाहेर म्हनलो हुतो.”

“ऐकलं मी!”

“ऐकलंस,” आबा म्हणाले. “ते दिसतंय.”

तिसऱ्या वेळी आबा पुन्हा “आत” म्हणाले. दोनदा खरं सांगितलं, आता तिसऱ्यांदा... पण दोनदा खरं सांगितल्यावर मी तिसऱ्यांदा खोटं धरून चालणार, हे यांना ठाऊक असणार. म्हणजे खरंच असणार. पण मला हे कळेल, हेही त्यांना ठाऊक असेल तर...

ठण्!

चेंडू आला कधी, हेच जयसिंगला कळलं नाही. बॅट अजून वरच होती.

आबांनी कपाळावरचा घाम धोतराच्या सोग्याने पुसला. त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं, रागही नव्हता. त्यामुळे जयसिंगचा संशय आणखीच वाढला.

“तुम्ही दरवेळी खरंच सांगणार आहात?”

“तीनदा सांगितलं की.”

“ठीक आहे,” जयसिंग म्हणाला. “आता ठेवतो विश्वास.” उपकार केल्यासारखाच म्हणाला.

“बाहेर.”

या वेळी त्याने मनात काहीच येऊ दिलं नाही. आबा म्हणाले बाहेर, तर बाहेर. त्याने डावा पाय लांब टाकला आणि ऐटीत बॅट फिरवली.

चेंडू सरळ गेला. ना आत, ना बाहेर. कळशी आडवी झाली आणि पाणी अंगणभर पसरलं.

“खोटं बोललात!” जयसिंग ओरडला.

खरं सांगायचं तर त्याला आतून बरंच वाटलं. इतका वेळ खोटं सापडत नव्हतं, ते अखेर सापडलं. देवळात बसला म्हणून माणूस काही सुधारत नाही!

आबा आपल्या बोटांकडे बघत होते.

“सरकलं,” ते म्हणाले.

“काय सरकलं?”

“बोट. बाहेरच टाकायचा हुता.”

“म्हणजे?”

“म्हंजे मलाबी ठावं नव्हतं.”

...

जयसिंगने आबांच्या वाकड्या बोटांकडे पाहिलं. खोटं बोलणाऱ्या माणसाशी कसं वागायचं, हे तो जाणून होता. खरं बोलणाऱ्याचीही सवय होईल कदाचित. पण ज्याला स्वतःलाच ठाऊक नाही, त्याच्यावर संशय तरी काय घ्यायचा?

“दस्तगीरला तरी ठाऊक असतं ना?” त्याने विचारलं. आवाज एकदम खाली आला होता.

“कवा असतं, कवा नसतं. कैक येळा चेंडू माझ्या हातात आल्यावर तोच माझ्याकडं डोळं वासून बघायचा.”

“आणि तुम्ही? तुम्ही कसा धरायचात?”

“पडू द्यायचो.”

“मग?”

“मग धरायचो.”

जयसिंगने बॅट भिंतीला टेकवली. मग त्याने बूट काढले. रिकामी कळशी उचलली, नदीवर गेला, भरून आणली आणि होती त्या जागी ठेवली. हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. ओल्या मातीवर अनवाणी उभं राहिल्यावर पायांना गार लागलं.

“टाका, आबा.”

आबांनी टाकला. आधी “आत” म्हणाले. जयसिंगने टप्प्याकडे पाहिलं, पण मनात कुठेतरी तो शब्द घोळत राहिला आणि चेंडू बॅटच्या दांड्यावर बसला. पुढचा जरा बरा खेळला. त्याच्या पुढचा मांडीवर आदळला. आबा दरवेळी काहीतरी म्हणत होते, दोन पावलं चालत होते आणि टाकत होते. ऊन ओवरीवरून उतरून अंगणात आलं आणि सांडलेलं पाणी सुकून गेलं.

आठव्या की नवव्या चेंडूला जयसिंगला शिवण दिसली. गरगर फिरताना, एका बाजूला कललेली. हवेत चेंडू जरासा थबकल्यासारखा वाटला आणि खाली आला. टप्पा पडला तिथे धूळ उडाली, चिमूटभर. तेव्हा कुठे जयसिंगची बॅट खाली आली. घाई नाही, जोर नाही. चेंडू बॅटला टेकला आणि त्याच्या पायाच्या अंगठ्याजवळ गप्प पडून राहिला.

पुढचाही तसाच.

त्याच्या पुढचा जरा आखूड पडला, तेव्हा जयसिंग मागे सरकला आणि त्याने तो नदीच्या बाजूला असा मारला की आबांनाच आणायला जावं लागलं. परत येताना ते तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणत होते.

पुन्हा दोन पावलं. पुन्हा चेंडू. पुन्हा धूळ, आणि बॅट. चेंडू पायाशी.

जयसिंगने श्वास सोडला. छातीतलं दोन दिवसांचं ओझं उतरल्यासारखं वाटत होतं. त्याला हसू आलं. आपण असं शेवटचं कधी हसलो होतो, हेही त्याला आठवेना.

मग त्याच्या ध्यानात आलं.

“आबा, आत्ता टाकायच्या आधी तुम्ही काहीतरी म्हणालात.”

“व्हय.”

“मला ऐकूच आलं नाही! आत म्हणालात का बाहेर?”

“दोन्ही न्हाई.”

“मग काय म्हणालात?”

आबा अंगण ओलांडून जवळ आले. वाकून त्यांनी चेंडू उचलला.

“काल दुपारी सावंत दर्शनाला आला हुता. उद्या तुला बसवनार म्हनला. त्येच तुला सांगितलं.”

...

जयसिंगच्या हातातली बॅट जड झाली. बसवणार. नऊ वर्षांनी, अंतिम सामन्याला, सगळ्या गावासमोर. सावंत खरंच आला होता? इथे? आणि इतका वेळ आबा का बोलले नाहीत? दस्तगीरने तर सांगायला लावलं नसेल? का आबा मला नुसतं चाचपून बघतायत? पण हा माणूस तर आतापर्यंत एकदाही...

“आबा, हे खरं का खोटं?”

आबा परत आपल्या जागेवर जाऊन उभे राहिले. जयसिंग त्यांच्या चेहऱ्यावर उत्तर शोधत होता. तिथे काहीच दिसत नव्हतं.

“आबा, खरं सांगा!”

वाकड्या बोटांत चेंडू बसला.

“उभा राहा,” आबा म्हणाले. “ह्या चेंडूवर तू जानार.”