कुर्लीचं तरंगतं घर

खेकडे नुकतेच बिळं खणायला शिकले होते, तेव्हाची गोष्ट. चंद्री नावाच्या कुर्लीला किनाऱ्याचा वीट आला, म्हणून तिने नारळाच्या सोडणांचं तरंगतं घर बांधलं. घर वाऱ्याबरोबर वाटेल तिथे जाई, पण सारखं हेलकावे खाई. डावीकडे कललं की चंद्री तुरुतुरु उजवीकडे धावे, उजवीकडे कललं की डावीकडे. तिने तळाला दगड बांधले, दोन्ही अंगांना बांबू लावले. तरी घर एकदा उलटता उलटता वाचलं.

"आजोबा, अजून काय चुकतंय हो?" तिने रडकुंडीला येऊन शेजारी पोहणाऱ्या कासवाला विचारलं.

"घर झकास आहे गं. तू जरा बस."

"बसू? इथे जीव टांगणीला लागलाय!"

पुढे तिची कात टाकायची वेळ आली. अंग लोण्यासारखं मऊ पडलं, पाय उचलेना. नाइलाजाने ती घराच्या मधोमध पडून राहिली. मोठमोठ्या लाटा आल्या नि गेल्या. घर बदकासारखं शांत तरंगत राहिलं.

कवच टणक झालं तशी चंद्री हरखून ओरडली, "आजोबा, दगड कामी आले! घर हलत नाही!"

आणि खात्री करायला ती या टोकापासून त्या टोकाला धावत सुटली.

कासव जरा लांबून पोहू लागलं.