सोडकोंड

इथे गळाला लागलेला पहिला मासा कोणी घरी नेत नाही. तो सोडायचा, आणि सोडायचा तोही डाव्या हाताने. गळाची पावती देताना गावच्या समितीच्या माणसाने तुम्हाला हे सांगितलंच असेल. पुढचे मासे समितीच्या नियमाने. पण पहिल्या माशाचा नियम समितीने केलेला नाही, तो फार जुना आहे. तुमच्यासारखे पाहुणे लांबून गळ टाकायला येतात आणि हटकून विचारतात, की सोडायचाच तर उजव्या हाताने का नाही. बसा इथे कातळावर. सांगतो.

ही समोरची खोल जागा म्हणजे सोडकोंड. नदीतल्या डोहाला आमच्याकडे कोंड म्हणतात. वर गड दिसतो आहे, तिथे फार पूर्वी मानाजीराव नावाचे किल्लेदार होते. त्यांची एकुलती एक लेक, उमाबाई, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. महिना भाद्रपदाचा होता, असे सांगतात. कळा सुरू झाल्या, थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या, पण बाई मोकळी होईना.

खालच्या वाडीतली येसू भोईण सुईणपण करायची. तिला वर बोलावून घेतलं. आमच्याकडे बाई अडली की घरातली गाठ न् गाठ सोडतात. येसूने उमाबाईचे केस मोकळे केले, कुलपं उघडायला लावली, दावणीची गुरं सोडवली. तरी काही फरक पडेना. मग कोणा वैदूने किल्लेदारांच्या कानात घातलं, की कोंडातल्या थोरल्या खडशीचं काळीज शिजवून बाईला चारा. खडशी म्हणजे तुम्ही ज्याला महसीर म्हणता तो मासा. ही थोरली वाडीतल्या सगळ्यांच्या ओळखीची होती. काठच्या उंबराखाली वर आली की तिची पाठ पाण्याबाहेर दिसायची, म्हणे.

किल्लेदारांनी जोत्याजी नावाच्या शिलेदाराला खाली धाडलं. येसूचा नवरा सटवा भोई या नदीवरचा सगळ्यात जाणता गळकरी होता. जोत्याजीने त्याला निरोप सांगितला, की दिवस मावळायच्या आत खडशी गडावर आली पाहिजे. आणि लेकीला काही झालं, तर सुईण गड उतरणार नाही.

 सटवाने अंबाडीचा दोर घेतला, गळाला पिकलेलं उंबर लावलं आणि या कातळावर येऊन उभा राहिला. पावसाचा जोर ओसरला होता, पण पाणी अजून गढूळ होतं आणि ओढही होती. जोत्याजी तलवार उपसून मागे उभा. ऊन कलत चाललं तरी दोर ढिलाच होता. सटवा अधूनमधून गडाकडे बघायचा. वरून काहीच ऐकू येत नव्हतं.

मग दोर एकदम ताठ झाला. खडशीने त्याला कातळावरून पाण्यात ओढलं. कोंडाच्या खालच्या अंगाला धोंड्यांची रांग आहे, बघा. तिथवर ती पोचली असती तर दोर धारेवर घासून तुटला असता. सटवाने दोराचा पीळ उजव्या मनगटाला घेतला आणि कमरेइतक्या पाण्यात पाय रोवले. दोर मांसात रुतला. ती ओढायची तेव्हा तो छातीपर्यंत पाण्यात जायचा, ती दमली की पुन्हा मागे सरायचा. काठावरचा जोत्याजी, कडक माणूस खरा, पण तोही श्वास रोखून बघत राहिला, असे सांगतात.

शेवटी ती थकली आणि उथळात येऊन कुशीवर पडली. सटवाने तिच्या पोटाखाली हात घातला. पोट गच्च भरलेलं होतं. ती अंड्यावर आली होती.

तो तसाच वाकून राहिला. जोत्याजीने हाक दिली, "आण वर."

"शिलेदार, ही भरलेली हाय."

"असू दे. आण."

"हिला सोडतो मी."

जोत्याजी पाण्यात उतरला. "सटवा, तुझी बायको वर आहे. विसरलास?"

"विसरलो न्हाई," सटवा म्हणाला. "ती वर एकेक गाठ सोडत बसलीय. आन् मी हितं ही आवळून धरू?"

एवढं बोलून त्याने तिच्या जबड्यातला गळ काढला आणि उजव्या हाताने तिला खोल पाण्याकडे ढकललं. शेपटी एकदा वळली आणि खडशी दिसेनाशी झाली. जोत्याजीची तलवार त्याच हातावर पडली.

आणि गडावर शिंग वाजलं. उमाबाई मोकळी झाली होती. मुलगी झाली होती आणि दोघी सुखरूप होत्या.

खडशी सुटली म्हणून बाई सुटली, असं आमची वाडी मानते. काही जण म्हणतात, मूल आधीच झालं होतं, आनंदाच्या गडबडीत शिंग वाजवायलाच उशीर झाला. खरं काय ते एका येसूला माहीत होतं. तिला कोणी विचारलं की ती उठून कामाला लागायची, म्हणे.

कोंडावर काय झालं ते कळताच किल्लेदार स्वतः खाली उतरले. येसू त्यांच्या पुढे धावत आली. तिने लुगड्याचा पदर फाडून नवऱ्याचा हात बांधला आणि त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली.  किल्लेदार तिला म्हणाले, काय मागायचं ते माग.

"हात तर मिळायचा न्हाई, सरकार," येसू म्हणाली. "हितं गळ टाकायला राव येऊ दे न्हाईतर रंक येऊ दे, त्यानं पयला मासा सोडावा. डाव्या हातानं सोडावा. उजवा न्हाई म्हंजे काय, ते त्याला कळू दे."

पुढे सटवा जगला. डाव्या हाताने गळ टाकायला शिकला आणि म्हातारा होऊन गेला. त्याने आयुष्यात पुन्हा थोरल्या खडशीवर गळ टाकला नाही. ती नंतरही उंबराखाली यायची, असे सांगतात. जोत्याजीने त्या वर्षी गडावरची चाकरी सोडली. तो कुठे गेला ते कोणाला ठाऊक नाही.

आजही वाडीत कोणी बाई अडली की गाडी दवाखान्याकडे निघते आणि घरातलं एक माणूस उलट्या वाटेने इकडे कोंडावर धावत येतं. मग पाहुणा कितीही मोठा असो, गळाला मासा असेल तर तो सोडून सगळे दोर पाण्याबाहेर येतात. पाहुणे गळाच्या काठ्या मांडीवर घेऊन आमच्याबरोबर या कातळावर बसून राहतात, दवाखान्यातून फोन येईपर्यंत.